सनरूफ गळतंय? सिलिकॉन बाजूला ठेवा, आधी नळ्या तपासा

सनरूफमधून पाणी यायला लागले की मुंबईतला ठरलेला उपाय म्हणजे काचेच्या कडेने सिलिकॉनची रेघ ओढून मोकळे होणे. तो करू नका. काचेभोवतीचे रबर पाणी शंभर टक्के अडवील अशी अपेक्षा गाडी बनवणाऱ्यांनीही ठेवलेली नसते. थोडे पाणी आत येणारच, हे धरून काचेखालच्या चौकटीला पन्हळ दिलेली असते, कौलारू घराच्या वळचणीला असते तशी. तिच्या कोपऱ्यांत भोके आणि प्रत्येक भोकाला बोटापेक्षा बारीक नळी. बहुतेक गाड्यांत अशा चार नळ्या असतात: दोन पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात, दोन मागच्या खांबांतून. नळी तुंबली की पन्हळ भरते, काठावरून सांडते आणि छताच्या कापडात मुरते. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावरून ओघळ येत होता आणि छतातला दिवा ठिबकत होता. रबर मात्र ठणठणीत होते.

आधी एक खात्री करून घ्या. डावीकडे पुढे पायाखालचे कार्पेट ओले, पण छत आणि खांब कोरडे, आणि पाऊस नसतानाही ओल वाढतेय, तर संशय एसीच्या पाणी सोडणाऱ्या नळीवर घ्यावा. ते वेगळे काम आहे. मी खांबाच्या प्लास्टिकच्या वरच्या आणि खालच्या फटीत टिश्यू पेपरच्या घड्या खोचून ठेवल्या. वरची घडी भिजली म्हणजे पाणी छतातूनच येतेय.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करायची. काच पूर्ण उघडायची आणि किल्ली काढून घ्यायची, नाहीतर हात आत असताना कुणाचा तरी बटणाला धक्का लागतो. केमिस्टकडे मिळणारी 50 मिलिलिटरची सिरिंज घ्या, सुईशिवाय. पुढच्या प्रत्येक कोपऱ्यात सावकाश 100 मिलिलिटर पाणी सोडा. दुसऱ्या माणसाने खाली बघायचे. पुढच्या नळ्यांची तोंडे बऱ्याच गाड्यांत दार उघडल्यावर बिजागरीच्या फटीत दिसतात, काहींत वायपरखालच्या जाळीत किंवा गाडीच्या पोटाखाली असतात. मागच्यांची मागच्या बंपरच्या आत किंवा चाकाच्या कमानीत. काही सेकंदांत बारीक धार लागली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर नळी अर्धी तुंबली आहे. कोपऱ्यात पाणी साचून राहिले तर ओतणे लगेच थांबवा. पन्हळीचा काठ फार उंच नसतो, पुढचे पाणी छतात जाईल. पाली हिलसारख्या चढावर किंवा पोडियमच्या रॅम्पवर गाडी लावणाऱ्यांनी हीच चाचणी गाडीचे नाक खाली करूनही घ्यावी, कारण सपाटीवर न गळणारी गाडी उतारावर एका कोपऱ्यातून गळू शकते.

तुंबण्याचे कारण इथे शोधावे लागत नाही. रेन ट्रीची बारीक पाने, एप्रिल-मेमध्ये सोनमोहराचा पिवळा सडा आणि बाराही महिने बांधकामाची धूळ. सिमेंट मिसळलेली धूळ पाणी लागले की कोपऱ्यात खपलीसारखी घट्ट बसते. ती आधी जुन्या टूथब्रशने सोडवून व्हॅक्यूमने ओढून घ्या. पुसत बसलात तर सगळी भोकातच जाईल.

नळीत घालायला गवत कापायच्या मशीनची 2 मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी उत्तम. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात मिळते. मासेमारीची जाड तंगूसही चालते. पुढच्या नळीला दोन मीटर पुरते, मागचीला तीन लागतात. टोक लायटरने वितळवून गुळगुळीत गोल करा. लोखंडी तार किंवा सायकलच्या ब्रेकची केबल अजिबात नको, वळणावर नळी फाडते. दोरी अडली की ढकलायची नाही. दोन बोटांत फिरवायची, मागे घ्यायची, पुन्हा सारायची. मागची भोके बहुतेक गाड्यांत काच उघडल्यावर झाकली जातात, म्हणून तिथे खालून वर जावे लागते. खालच्या टोकाला काही गाड्यांत चीर असलेले रबरी तोंड असते. चिखल त्या चिरेतच अडकतो, कधीकधी ते काढून धुतले की काम संपते. मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घातलेले कोमट पाणी सिरिंजने सोडायचे. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. ॲसिड किंवा मोरी साफ करायची पावडर वापरू नका.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा मोह आवरा. त्या दाबाने नळी पन्हळीच्या तोटीवरून निसटते आणि मग पाणी थेट छतात पडायला लागते. भोक वरून स्वच्छ दिसते, पाणीही पटकन नाहीसे होते, पण खाली येत नाही: ही निसटलेल्या नळीची खूण. त्यासाठी खांबाचे प्लास्टिक काढावे लागते, आणि तिथे बहुतेक गाड्यांत पडदा एअरबॅग असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा मिनिटे थांबल्याशिवाय हात घालू नये. एअरबॅगच्या वायरिंगच्या पिवळ्या कनेक्टरला तर हात लावूच नये. हे जमत नसेल तर एवढा भाग मेकॅनिककडून करून घ्या. उन्हाने नळीचे टोक कडक झालेले असते. शेवटचे 5 मिलिमीटर कापायचे, गरम पाण्यात मऊ करून तोटीवर पूर्ण चढवायचे आणि बारीक झिप टाय हलक्या हाताने ओढायचा.

रबर ओल्या मायक्रोफायबरने पुसा, कोरडे करा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल यांनी ते फुगते. खोबरेलावर धूळ चिकटते. काचेची पातळीही बघून घ्या. सर्वसाधारण नियम असा की पुढची कड छताच्या बरोबरीने किंवा 1 मिलिमीटरपर्यंत खाली, मागची बरोबरीने किंवा तेवढीच वर. त्यापेक्षा फरक असेल तरच बाजूचे टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू ढिले करा, आणि त्याआधी मूळ जागेवर टेपची खूण करा. पन्हळीलाच तडा असेल तर तिथे सीलंटला काम आहे, पण न्यूट्रल प्रकारचाच. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन पत्र्याला गंज आणतो.

गळती थांबली तरी खरे कष्ट वाळवण्याचे. कार्पेट वरून कोरडे लागते, खालचा फोम कित्येक लिटर पाणी धरून बसलेला असतो आणि अनेक गाड्यांत वायरिंगचे जोड त्याच्याच खाली असतात. दाराच्या उंबऱ्याच्या पट्ट्या काढून कार्पेटची कड उचलली, खाली लाकडाचे ठोकळे सारले, जुन्या टॉवेलांनी दाबून पाणी काढले, मग टेबल फॅन लावला. जुलैत खिडक्या उघड्या ठेवून काही उपयोग नाही, बाहेरचीच हवा दमट. गाडी चालवताना एसी रीसर्क्युलेशनवर आणि झोत पायाकडे ठेवला की ओल भराभर खेचली जाते. फक्त वाळवण्यासाठी बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवणे मात्र जिवावर बेतू शकते. फोमला कुबट वास धरलाच असेल तर तो बदललेला बरा. सुगंधी स्प्रे मारून काहीही होत नाही.

नळ्यांत पाणी सोडून बघायची वेळ मेच्या शेवटी, सोनमोहराचा सडा ओसरल्यावर, आणि दुसऱ्यांदा नारळी पौर्णिमेच्या सुमारास, पावसाने उघडीप दिली की. रोज बादलीने गाडी धुणाऱ्यालाही सांगून ठेवा: छतावरचा पाला हाताने उचलायचा, पाणी मारून काचेच्या फटीत लोटायचा नाही.