बाथरूमचा पंखा

नौपाड्यातलं आमचं घर जुनं. पावसाळा आला की बाथरूमच्या छतावर काळी बुरशी धरायची, टॉवेल दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत. या वेळी फरशा उखडल्या तेव्हाच मी सांगितलं, आधी एक्झॉस्ट फॅन, टाइल्सचा रंग नंतर.

दुकानदार आठ इंचीच घ्या म्हणत होता. मी घरी टेप लावला. ७ बाय ५ फूट, उंची ८. म्हणजे २८० घनफूट, साधारण ८ घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची म्हटली तरी ८० घनमीटर पुरे, आणि सहा इंचीच्या खोक्यावर २५० लिहिलेलं. तोच घेतला, मागे आपोआप मिटणाऱ्या झडपांचा, कारण डक्टमध्ये कबुतरं टपलेलीच असतात. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडून घेतलं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून.

पंखा सुरू झाला, पण आरसा धुरकटच! टिश्यू पेपर जाळीला धरला, तो चिकटेना. दार उघडलं, आणि टपकन चिकटला. नवं दार उंबऱ्याला इतकं घट्ट बसलं होतं की हवेला आत यायला फटच नव्हती. सुतारकाकांनी खालून दीड सेंटीमीटर रंधा मारला. कापलेल्या कडेला लगेच रंग लावून घेतला, नाहीतर लाकूड पाणी पितं.

आता आंघोळीनंतर वीस मिनिटं पंखा चालू असतो. सासूबाई स्वतः बटण दाबतात.