जोर माथ्यावर लावायचा

सायकलवाल्यांपैकी कुणालाही पेसिंगबद्दल, म्हणजे जोर कुठे किती लावायचा याबद्दल, विचारा, उत्तर ठरलेलं: सुरुवात हळू कर, दम राखून ठेव. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, ते शंभर टक्के लागू पडतं. माउंटन बाईकच्या (एमटीबीच्या) क्रॉस कंट्री रेसला, म्हणजे कच्च्या, चढउताराच्या वाटेवर ठरावीक फेऱ्या मारायच्या शर्यतीला, मात्र हा सल्ला जसाच्या तसा चालत नाही. आमच्या ठाण्याच्या ग्रुपमध्ये कुणी नवीन एमटीबी घेऊन आलं की मी आधी हेच सांगते.

रेस सुटते तेव्हा रस्ता रुंद असतो. थोडं पुढे गेलं की वाट एकदम आवळते, बोरी-बाभळींमधून एका वेळी एकच सायकल जाईल एवढी. तिच्या तोंडाशी तुम्ही विसाव्या पोहोचलात, तर पुढच्या एकोणीस जणी नेतील त्याच वेगाने जायचं. कुणी दगडाला अडली की सगळ्यांनीच पाय टेकायचे आणि ऐन चढावर पुन्हा सायकल हलवायची. राखून ठेवलेल्या दमाचा तिथे काही उपयोग नसतो. म्हणून पहिली दीड-दोन मिनिटं झेपतं त्याहून थोडं जास्तच चालवायचं आणि वाट अरुंद झाली की मुद्दाम श्वास खाली आणायचा. यातला दुसरा भाग खरा कठीण. मागून "साइड, ताई, साइड" चालू असतं, छाती धडधडत असते. अशा वेळी खांदे सैल सोडून एक लांब श्वास बाहेर टाकायचा, हे सरावानेच जमतं.

यामागचं शरीराचं गणित मला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून नीट समजलं. प्रत्येकाची एक पातळी असते. तिच्या खाली तुम्ही बराच वेळ चालवू शकता. तिच्या वर गेलात की टाकीतलं पाणी उपसायला लागता, आणि टाकी छोटी असते. पुन्हा पातळीच्या खाली आलात तरच ती भरते, तीही हळूहळू. क्रॉस कंट्रीत दर चढाला उपसा होतोच, तो टळत नाही. कुठे उपसायचं आणि कुठे भरू द्यायचं, एवढंच आपल्या हातात. आणि उतारावर टाकी आपोआप भरते असं धरून चालू नका. हँडल गच्च आवळून, ब्रेक दाबून, श्वास रोखून उतरलात तर खाली पोहोचेपर्यंत धाप तशीच राहते. ब्रेकवर एकच बोट, कोपर वाकलेले, जबडा सैल.

माझा सगळ्यात जास्त सराव चढांवर होतो, ठाण्यातल्या उपवनहून येऊरच्या डोंगरावर जाणाऱ्या रस्त्यावर. (रस्ता डांबरी आहे. आतलं जंगल राष्ट्रीय उद्यानाचं आहे, तिथल्या वाटांवर विनापरवानगी सायकल घालू नये, असं मी मनापासून सांगते.) चढावर वेग कमी असतो, त्यामुळे हवेचा अडथळा नगण्य. जास्तीचा जोर लावला तर त्याचा मोबदला वेळेत मिळतो. सपाटीला आणि उताराला तोच जोर बराचसा हवेशी झुंजण्यात जातो. म्हणून खर्च चढावर करायचा, इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पण चढाच्या कुठल्या भागावर? बहुतेक जण पायथ्याशी, वेगाच्या भरात, उभं राहून जोर लावतात आणि अर्ध्यावर त्यांचे पाय भरून येतात.

माझ्या मते तो जोर माथ्यासाठी ठेवायचा. चढ डोळ्यांना संपलेला दिसतो, पण पुढचं चाक अजून वरच बघत असतं. नेमके तिथेच सगळे सैलावतात, कुणी बाटलीला हात घालतो. तिथे एक गिअर जड टाकायचा. साखळी खट्कन खाली बसते, पायाखाली पुन्हा काहीतरी लागतं. मग वरचं अंग न हलवता दहा-बारा पॅडल पूर्ण ताकदीने मारायची. मांड्या पेटतात. वेग ताशी वीस किलोमीटरच्या वर गेला की सोडायचं. 8-9 च्या वेगाने रांगण्यात जाणारी ती सेकंदं वाचतात, आणि विश्रांती मिळते ती उताराला लागल्यावर, वेग हातात असताना.

हार्ट रेटवर मी फार विसंबत नाही. आकडा प्रयत्नाच्या मागून येतो. एक मिनिटाचा चढ असेल तर आकडा वर पोहोचेपर्यंत चढ संपलेला असतो. शिवाय आपली हवा! इथल्या दमट सकाळी घाम वाळत नाही, शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं आणि तेवढ्याच वेगाला हृदय जास्त धावतं. पुण्याकडच्या कोरड्या हवेत तोच आकडा वेगळं काहीतरी सांगतो. श्वास मात्र दोन्हीकडे खरं बोलतो. एक अख्खं वाक्य म्हणता आलं तर टाकी भरते आहे, दोनच शब्द निघाले तर उपसा चालू आहे.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री रेसला ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं चाक पंक्चर झालं आणि तो जवळपास 40 सेकंद मागे पडला. ती रेस मी वेळ लावून पुन्हापुन्हा बघितली आहे. तूट एका लॅपमध्ये भरून काढायला तो धावला नाही. थोडी थोडी कमी करत गेला आणि शेवटच्या लॅपला फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्झकीशी भिडायला त्याच्याकडे ताकद शिल्लक होती. सुवर्णपदक त्याचंच. मला हे त्याच्या सायकलवरच्या उड्यांपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

गेल्या मोसमात पुण्याजवळच्या एका रेसमध्ये शेवटच्या लॅपला माझ्यापुढे कळव्याची एक कॉलेजातली मुलगी होती. पायथ्याशी ती उभी राहिली आणि दिसेनाशी झाली. मी बसूनच चढले. माथ्यावर ती पुन्हा दिसली, पॅडल थांबलेली. मी तिथेच गिअर टाकला. नंतर ती शोधत आली, "ताई, चढावर तर तुम्ही मागेच होतात ना?" म्हटलं, रविवारी येऊरला ये, दाखवते. आता ती नियमित येते. माथ्यावरची पॅडल तिला पहिल्याच सकाळी जमली. पायथ्याशी बसून राहणं अजून जड जातं, वेग दिसला की ती उभी राहतेच. पावसाळ्याआधी तेवढं तिच्याकडून करून घ्यायचं आहे.