खालचा मजला मागाचा

"खालचा मजला मागाचा, वरचा आमचा," असे घरमालकीणबाई सहज म्हणाल्या, तोच खाली यंत्रमाग सुरू झाला आणि आमच्या पायांखालची लाकडी जमीन थरथरू लागली.

तुर्कस्तानातील देनिझली प्रांतातल्या बुलदान या विणकरांच्या गावी जुन्या घरांचा तळ दगडी असतो, वर लाकडी सांगाड्यात कच्च्या विटा भरलेल्या असतात आणि सज्जा गल्लीवर पुढे आलेला असतो. घट्ट पिळाच्या सुताचे, धुतल्यावर आपोआप चुण्या पडणारे इथले प्रसिद्ध कापड पिढ्यान्पिढ्या अशाच घरांतून विणले गेले.

आम्ही प्रवासी मात्र (मीही त्यातलाच) फोटो सज्ज्याचेच काढतो. शेजारच्या घराची डागडुजी खरोखर देखणी झाली आहे, पण तिथली मागाची खोली रिकामी आहे. त्या घराचे जतन झाले, असे म्हणायचे का?