पद्मिनीतील कॅसेट स्टिरिओ : दुरुस्तीची आतापर्यंतची नोंद

माझ्या १९८८ सालच्या प्रीमियर पद्मिनीतील दोन नॉबांच्या कॅसेट स्टिरिओचे काम आता बरेचसे मार्गी लागले आहे. त्याच काळातले संच ज्यांच्याकडे बंद पडून आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळा तपशील येथे देत आहे. तक्रारी तीन होत्या. उजव्या स्पीकरचा आवाज पातळ झाला होता आणि त्यातून तबल्याचा डग्गा ऐकूच येत नव्हता; इंजिन चालू केले की दोन्ही बाजूंनी बारीक शिट्टी येई आणि ॲक्सिलरेटर दाबू तशी ती चढत जाई; शिवाय कॅसेटचा सूर टिकत नव्हता, लांबलेल्या आलापात तो स्पष्टपणे डळमळे.

ॲक्सेसरीजच्या दुकानांतून एकच सल्ला मिळाला, तो म्हणजे जुना संच काढून ब्लूटूथचा नवा बसवण्याचा. परंतु आजच्या संचाला १८० बाय ५० मिलिमीटरची चौकोनी खाच लागते आणि माझ्या डॅशबोर्डला दोन दांड्यांची दोन भोके व मध्ये कॅसेटपुरती जागा आहे. नवा संच बसवायचा तर डॅशबोर्ड कापावा लागतो, आणि कुर्ल्याला तयार होणारी ही गाडी बंद होऊन इतकी वर्षे लोटल्यावर न कापलेला डॅशबोर्ड ही जपण्याची वस्तू आहे, असे माझे ठाम मत आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या जुन्या संचांत स्पीकरची एक वायर बहुधा बॉडीला अर्थ केलेली, म्हणजे गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. नव्या संचांत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर ॲम्प्लिफायरचे आउटपुट येते. त्यामुळे जुने वायरिंग तसेच ठेवून नवा संच जोडला, तर त्याचा आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारी चिप, जळण्याचा धोका असतो.

संच बाहेर काढण्यापूर्वी शिट्टीचा शोध गाडीतच घेतला, कारण हा दोष बहुतेक वेळा संचात नसून वायरिंगमध्ये असतो. बॅटरीवर इंजिन बंद असताना १२.५ आणि चालू असताना १४.१ व्होल्ट मिळाले, म्हणजे चार्जिंग व्यवस्थित होते. त्यानंतर मल्टिमीटरची एक पिन स्टिरिओच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून, इंजिन व हेडलाइट चालू ठेवून पाहिले. तेथे शून्याच्या जवळचा आकडा अपेक्षित असताना ०.४ व्होल्ट दिसले. डॅशबोर्डखाली स्टिरिओची अर्थ वायर आणखी दोन-तीन वायरींसोबत एकाच स्क्रूखाली, तीही रंग दिलेल्या पट्टीवर आवळलेली होती, आणि स्क्रूखाली गंज धरला होता. अशा सांध्यातून इतर उपकरणांचा करंट वाहू लागला की त्यातली अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) लहर स्टिरिओच्या अर्थमध्ये मिसळते आणि स्पीकरमधून ऐकू येते. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवे थिंबल लावून स्टिरिओसाठी वेगळी अर्थ वायर ओढली, आणि शिट्टी जवळजवळ नाहीशी झाली. जी थोडी उरली होती ती सप्लायच्या वायरमध्ये चोक (लहर अडवणारी तारेची गुंडाळी) घातल्यावर गेली.

उजव्या बाजूच्या दोषाबाबत पहिला अंदाज सर्वांनी आयसी गेल्याचाच सांगितला. संचात प्रत्येक बाजूला टीडीए २००३ हा एक ॲम्प्लिफायर आयसी आहे. सर्किट डायग्राम कोठेही मिळत नव्हता. पुण्याच्या बुधवार पेठेत वर्षानुवर्षे रेडिओ दुरुस्त केलेल्या एका काकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “डावी बाजू चांगली वाजते ना तुमची? मग तोच तुमचा डायग्राम. तिथे मोजा, मग इथे मोजा.” टेबलावर १३.२ व्होल्टचा सप्लाय देऊन दोन्ही आयसींच्या चौथ्या पिनवर मोजले. या पिनवर सप्लायच्या सुमारे निम्मे व्होल्टेज असावे लागते, डावीकडे ६.६ आणि उजवीकडे ६.५ मिळाले. आयसी निर्दोष होता. त्याच्या पुढे स्पीकरकडे जाणारा १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सोल्डरचा डाग सोडवून काढला आणि मीटरवर घेतला, तर जेमतेम ९० भरला. वरून तो अगदी सपाट होता. ना फुगलेला, ना गळलेला. ४ ओहमच्या स्पीकरला १००० मायक्रोफॅरड असताना साधारण ४० हर्ट्झच्या खालचा आवाज घटू लागतो. ९० उरल्यावर ही मर्यादा ४४० हर्ट्झपर्यंत वर चढते. डग्ग्याचा घुमारा नेमका तेथेच हरवला होता.

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून १०५ अंशांपर्यंतचे तापमान सोसणारे, २५ व्होल्टचे कंडेन्सर आणून दोन्ही बाजूंचे एकदमच बदलले, कारण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ८५ अंशांचा माल लवकर सुकतो. डेकच्या पत्र्याखाली उंची कमी असल्याने ते आडवे बसवून पायांवर स्लीव्ह चढवावी लागली.

कॅसेटचा बेल्ट तर डांबर झाला होता. फ्लायव्हील आणि मोटरच्या पुलीवरील काळा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण निघेपर्यंत पुसला, पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी घेतली आणि तिच्यापेक्षा सुमारे ५ टक्के आखूड बेल्ट निवडला. ३००० हर्ट्झची टेस्ट कॅसेट लावून, मोटरच्या मागच्या छिद्रातला प्रीसेट बारीक स्क्रू-ड्रायव्हरने फिरवत वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरवर आणला. सूर आता बराच स्थिर आहे, परंतु कॅसेट संपत आली की अजून किंचित हलतो. टेप दाबून पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचे रबर कडक होऊन गुळगुळीत झाले आहे, आणि पॉलिश पेपरचा हलका हात फिरवून मिळालेली पकड टिकेल असे मला वाटत नाही.

रेडिओचा एफएम बँड स्वच्छ लागतो. मीडियम वेव्हसाठी एरियलच्या सॉकेटजवळचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा कंडेन्सर) १४०० किलोहर्ट्झच्या आसपासच्या क्षीण केंद्रावर जुळवायचा बाकी आहे. कॅसेटच्या त्या पिंच रोलरचा बाहेरचा व्यास ११, रुंदी ७ आणि आसाचे भोक २ मिलिमीटर आहे. या मापाचा रोलर कोणाच्या मोडीतल्या डेकमध्ये असल्यास जरूर कळवावे, योग्य किंमत देऊन मी तो घेईन.