दुसरा दिवा मंद का नाही? एका ऑनलाइन धड्याचा माझा अनुभव

विद्युत परिपथावरचा माझा पहिला ऑनलाइन धडा ३८ मिनिटांचा होता. वर्गात हा भाग मी एका तासिकेत शिकवते, म्हणून व्हिडिओही तेवढाच होऊ दिला. पांढऱ्या पडद्यावर आकृत्या, मागे माझा आवाज, सोबत नोट्सची पीडीएफ आणि शेवटी दहा प्रश्नांची चाचणी. तीन आठवडे मी त्यावर घालवले. आवाज स्वच्छ यावा म्हणून घरातले सगळे निजल्यावर पंखा बंद करून रेकॉर्डिंग करायचे.

धडा मुलांना दिला आणि चार दिवसांनी नोंदी उघडल्या. कुणी किती वेळ पाहिलं याचा आलेख पाचव्या-सहाव्या मिनिटाला घसरायला लागला होता. शेवटपर्यंत मोजकीच मुलं पोचली होती आणि चाचणीपर्यंत त्याहून कमी. मी खूप खट्टू झाले. नंतर कळलं की हे फक्त माझ्या मुलांचं नव्हतं. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन या संशोधकांनी २०१४ साली एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी किमान निम्मे प्रेक्षक सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत, असं त्यांना आढळलं. ते विद्यार्थी स्वखुशीने आलेले होते. माझी मुलं तर मी सांगितलं म्हणून बसली होती.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी व्हिडिओचे सहा तुकडे केले आणि मधल्या जागा 'इंटरॅक्टिव्ह' केल्या. एचफाइव्हपी नावाचं मोफत साधन मला तेव्हाच सापडलं होतं आणि त्यातलं जे जे दिसलं ते मी वापरलं. दाबल्यावर उलटणारी कार्डं, चित्रावरचे टिंब दाबले की उघडणारी माहिती, ओढून योग्य जागी ठेवायची नावं, बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज. यावेळी जवळजवळ सगळ्यांनी धडा पूर्ण केला. पूर्णतेची हिरवी पट्टी पाहून मला काम फत्ते झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या तासिकेला मी फळ्यावर एक बॅटरी काढली, तिच्यापुढे एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकापाठोपाठ, दोन सारखे दिवे काढले आणि विचारलं, "कुठला दिवा जास्त उजळेल?" निम्म्याहून जास्त हात पहिल्या दिव्यासाठी वर गेले. कारणही आत्मविश्वासाने आलं: "बाई, पहिल्या दिव्यात थोडी धारा संपते ना, मग दुसऱ्याला कमी मिळते." धडा पूर्ण केलेल्या मुलांचं हे उत्तर होतं.

त्या संध्याकाळी वही घेऊन मी माझाच धडा पहिल्यापासून केला. प्रत्येक क्लिकपुढे एकच नोंद करत गेले: हे दाबण्याआधी मुलाला काही ठरवावं लागतं का? एकूण ४१ क्लिक निघाले आणि त्यांतले ७ असे, की ज्यांच्या आधी डोकं चालवावं लागतं. बाकीचे ३४ म्हणजे पान उलटण्यासारखेच होते. कार्ड उलटलं की ओमचा नियम दिसतो, पण तो दिसायला मुलाला ओमबद्दल काहीच वाटावं लागत नाही. बोटांना काम मिळालं होतं, डोक्याला मिळालं नव्हतं. आजही नवा धडा तयार झाला की मी ही मोजणी करते आणि विचार न मागणारा क्लिक दिसला की सरळ काढून टाकते.

मग मी उलट्या टोकाने सुरुवात केली. कुठला व्हिडिओ, कुठलं साधन हे सगळं बाजूला ठेवलं आणि कागदावर एकच वाक्य लिहिलं: 'एकसर परिपथात धारा सगळीकडे सारखीच असते, दिव्यात खर्च होते ती ऊर्जा, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.' त्याखाली, मुलं याऐवजी काय मानतात त्याची यादी केली. यादीसाठी जुन्या उत्तरपत्रिका काढल्या. पूर्वी ज्या उत्तरांवर लाल रेघ मारून मी पुढे गेले होते, ती या वेळी सावकाश वाचली. धारा वाटेत संपते. दोन्ही टोकांकडून धारा निघते आणि दिव्यात आदळते. परतीच्या तारेत धारा नसते. प्रत्येक चुकीमागे एक सरळ तर्क होता. ते तर्क हाती लागल्यावर मला धड्याचा आराखडा दिसायला लागला.

नवा धडा आता प्रश्नाने सुरू होतो. आधी काहीही शिकवायचं नाही. दोन दिव्यांचं चित्र आणि तीन पर्याय: पहिला जास्त उजळेल, दुसरा जास्त उजळेल, दोन्ही सारखे. सवयीने मी चार पर्याय लिहायला बसले होते, पण चौथा कुणीच निवडणार नाही असा होता. मुलांच्या डोक्यात खरोखर असलेल्या कल्पनांइतकेच पर्याय ठेवावेत, उगाच जागा भरू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो चुकीच्या उत्तरानंतर काय दिसावं यावर. 'पहिला जास्त उजळेल' या पर्यायाचा माझा पहिला मसुदा होता, 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.' मुलाने एवढंच वाचलं तर ते दुसरा पर्याय दाबणार, यापेक्षा जास्त काही घडणार नाही. दुसऱ्या मसुद्यात मी पाच ओळींचं स्पष्टीकरण लिहिलं. ते अचूक होतं, पण मूल आपल्या तर्काला धरून बसलेलं असताना मी माझा तर्क वाचायला देत होते. तिसऱ्या वेळी मी मुलाचाच तर्क हाती घेतला: 'म्हणजे पहिल्या दिव्याने थोडी धारा वापरली, असं तुला वाटतं. तसं असेल तर दिव्याच्या आधी आणि नंतर ॲमीटर वेगवेगळे आकडे दाखवतील. लावून बघ.' त्याखाली पडद्यावरच जोडून पाहता येणारा परिपथ उघडतो आणि धारा मोजणारा ॲमीटर त्यात कुठेही ठेवता येतो. ३ व्होल्टची बॅटरी, ५ ओहमचे दोन दिवे. मूल पहिल्या दिव्याआधी ॲमीटर ठेवतं, ०.३ अँपिअर. दोन दिव्यांच्या मध्ये ठेवतं, ०.३. परतीच्या तारेत ठेवतं, तरी ०.३. मगच पुढचा प्रश्न येतो: 'धारा तेवढीच राहिली, मग दिव्याने काय घेतलं?'

'चूक' हा शब्द मी धड्यातून पूर्ण काढला. परिपथाने 'नाही' म्हटलं की ते मुलाला पटतं, मी म्हटलं तर ते फक्त गुण गेल्यासारखं वाटतं. याच वेळी 'प्रयत्न करा, निरीक्षण करा' ही पुस्तकी भाषाही गेली. वर्गात मी मुलांना 'तू' म्हणते, 'बघ', 'सांग' म्हणते, तर पडद्यावर परकी का होऊ? मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांनी बहुमाध्यम शिक्षणाची जी तत्त्वं मांडली, त्यांत बोलीभाषेतल्या संवादाने शिकणं सुधारतं हे एक आहे. त्यांचंच दुसरं तत्त्व मात्र मी सर्रास मोडत होते. पडद्यावर परिच्छेद लिहायचा आणि तोच शब्दन् शब्द वाचून दाखवायचा. चित्र, मजकूर आणि तोच मजकूर आवाजात असं एकाच वेळी आलं तर मुलाचं लक्ष फुटतं. आता आकृतीवर फक्त खुणेपुरते शब्द असतात आणि समजावणं आवाजात. ज्यांना ऐकू येत नाही किंवा आवाज लावता येत नाही, त्यांच्यासाठी सबटायटल्स वेगळी चालू करता येतात.

हा मसुदा घेऊन मी एका विद्यार्थिनीशेजारी बसले. मी तोंड उघडायचं नाही एवढाच नियम होता, आणि तो पाळणं फार कठीण गेलं. तिने पहिला पर्याय दाबला, लाल झाला. ॲमीटरकडे ढुंकूनही न पाहता दुसरा दाबला, मग तिसरा. हिरवं दिसलं आणि तिचा अंगठा लगेच 'पुढे'वर गेला. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील. ती खूप हुशार मुलगी आहे. हिरवं होईपर्यंत दाबत राहायचं हे तिला आमच्याच आधीच्या धड्यांनी शिकवलं होतं.

म्हणून पहिल्या उत्तरानंतर लाल-हिरवं काही दाखवायचंच नाही असं ठरवलं. उत्तर नोंदवलं जातं, मग विचारलं जातं, 'तुला असं का वाटतं?' कारण एका ओळीत लिहायचं. त्यानंतर परिपथ उघडतो आणि शेवटी मुलाचं स्वतःचं पहिलं उत्तर त्याच्यासमोर परत येतं: 'सुरुवातीला तू असं म्हणाली होतीस. आता काय म्हणशील?'

कारण विचारण्याचा एवढा फायदा होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. 'दोन्ही सारखे' हे बरोबर उत्तर देणाऱ्या बऱ्याच मुलांनी लिहिलं होतं, 'कारण धारा दोघांमध्ये अर्धी-अर्धी वाटली जाते.' उत्तर बरोबर, समज पूर्ण चुकीची! नुसती चाचणी ठेवली असती तर या मुलांना पूर्ण गुण देऊन मी पुढे निघाले असते. आता त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. त्यांना मी आधी एकच दिवा जोडायला लावते आणि धारा मोजायला सांगते, ०.६ अँपिअर. मग दुसरा दिवा जोडायचा आणि बॅटरीजवळ पुन्हा मोजायचं. ०.६ ची वाटणी झाली असती तर बॅटरीजवळ अजून ०.६ च दिसायला हवं होतं. तिथे ०.३ दिसतं. म्हणजे रोध वाढल्याने सगळ्या परिपथाचीच धारा घटली.

परिपथाच्या या भागासाठी मी आधी स्वतः काहीतरी बनवायचा खटाटोप केला, दोन महिने. मग कोलोराडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातलं परिपथ जोडायचं मोफत सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग, वापरून पाहिलं आणि माझं काम थांबवलं. भौतिकीतले नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी हा प्रकल्प २००२ मध्ये सुरू केला. तिथली माणसं हेच काम वर्षानुवर्षं करत आली आहेत. चांगलं सिम्युलेशन तयार असेल तर आपली ताकद प्रश्नांवर आणि अभिप्रायांवर लावावी, असं मी नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तुमच्या मुलांच्या चुका तुमच्याइतक्या दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतात.

त्यानंतर एक तांत्रिक अडचण आली आणि तिने मला रडकुंडीला आणलं. मुलं सांगू लागली की धडा अर्ध्यावर सोडून परत आलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. सगळ्यांचं नाही, काहींचंच. आठवडाभर शोधल्यावर दिसलं की जी मुलं कारणं भरभरून लिहीत होती, नेमकी त्यांचीच प्रगती पुसली जात होती. आमचा धडा स्कॉर्म १.२ या, ऑनलाइन धडे आणि मुलांची प्रगती साठवणारी प्रणाली यांना जोडणाऱ्या मानकात बांधलेला होता. अर्धवट धड्याची स्थिती साठवायला त्यात ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे. आम्ही मुलांचा सगळा मजकूर त्याच जागेत कोंबत होतो आणि मर्यादा ओलांडली की नोंद जतनच होत नसे. मन लावून लिहिणाऱ्यालाच शिक्षा होत होती, याचं मला फार वाईट वाटलं. धड्याचे तीन छोटे भाग केले, स्थितीसाठी फक्त आखूड खुणा ठेवल्या आणि लिहिलेला मजकूर वेगळा पाठवायची सोय केली.

ओढून ठेवायच्या खेळांनाही मला हात घालावा लागला. मोबाइलवर ॲमीटर ओढताना अंगठ्याखाली तारच झाकली जायची. शिवाय हात थरथरणाऱ्या किंवा फक्त कीबोर्ड वापरणाऱ्या मुलाला ते जमणारच नाही. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांच्या २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत ओढण्याच्या प्रत्येक कृतीला साध्या टिचकीचा पर्याय मागितला आहे. आम्ही तो दिला, कीबोर्डनेही चालेल असा केला: आधी वस्तू निवडायची, मग जागा निवडायची. गंमत म्हणजे ज्यांना काहीच अडचण नव्हती तीही मुलं हाच मार्ग वापरू लागली. फिकट राखाडी अक्षरं गडद केली, कारण साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ इतका भेद लागतो. धन आणि ऋण टोकं फक्त लाल-काळ्या रंगाने न दाखवता चिन्हंही छापली.

शेवटची चाचणी धड्याच्या टोकावरून उचलून मी आठ दिवस पुढे ढकलली. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग वाचल्यापासून ते माझ्या मनात होतं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे होते ते, ज्यांनी पुन्हा वाचण्याऐवजी आठवून लिहिलं होतं. आठ दिवसांनी तीनच प्रश्न उघडतात, नोट्स न पाहता. सुरुवातीला मुलांची कुरकुर झाली. "आता कुठे आठवणार, बाई!" पण त्या आठवण्याच्या धडपडीसाठीच तर ते प्रश्न तिथे आहेत, हे मी त्यांना तसंच सांगितलं.

परवा त्या आठ दिवसांनंतरच्या प्रश्नांत, शेजारी बसून जिला मी पाहिलं होतं त्या मुलीचं उत्तर वाचलं. तिने लिहिलं होतं, 'धारा संपत नाही. जेवढी जाते तेवढीच परत येते, पण जाताना ऊर्जा देऊन येते.' हे वाक्य माझ्या धड्यात कुठेही नाही.

आता समांतर जोडणी हाती घेतली आहे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुन्हा टेबलावर आहे आणि सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवलं आहे: 'काहीही जोडलं तरी बॅटरी धारा तेवढीच देते.' पहिला प्रश्न तिथूनच निघेल.