ती कॅशियर बाई हाय कुठं?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ, प्रचाराच्या क्लिपा, मधूनच एखादी शॉर्टफिल्म, असं काम. गेल्या पावसाळ्यात कॉलेजची काही पोरं हार्डडिस्क घेऊन आली. पतसंस्थेत दरोडेखोर घुसतात आणि आतल्या माणसांना ओलीस धरतात, अशी त्यांची फिल्म. सोबत दिग्दर्शक पोराच्या आत्या होत्या. शूटिंगभर युनिटला त्यांनीच जेवू घातलेलं, त्यामुळं फिल्म बघायचा पहिला मान त्यांचा.

पोरांनी जोडून आणलेला कट लावला. सुरुवातीलाच गोळीबार. काचा, किंकाळ्या, कॅमेरा गरागरा फिरतोय. आत्या निमूट बघत होत्या, मग म्हणाल्या, "व्हय रं, पण ती कॅशियर बाई हाय कुठं? वर का खाली?"

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मला मात्र दिवसभराचं काम त्या एका प्रश्नात मिळालं.

ओलीसनाट्यात जीव टांगणीला लागतो तो गोळ्यांनी नाही. कोण कुठं अडकलंय, बाहेर पडायची वाट कुठली, तिच्यावर पहारा कुणाचा, हे प्रेक्षकाला पाठ असलं, तर नुसती कडी हलली तरी पोटात गोळा येतो. १९८८ सालचा हॉलिवूडचा 'डाय हार्ड' सिनेमा आठवा. त्यातही दरोडेखोर एका उंच इमारतीत माणसं ओलीस धरतात. विमानातला शेजारी नायकाला सांगतो, मुक्कामी पोचलास की बूट-मोजे काढ आणि गालिच्यावर पायाची बोटं आवळ, बरं वाटेल. तो ते करतो आणि तेवढ्यात हल्ला होतो. पुढं अनवाणीच पळापळ. खलनायकाला ते पाय दिसतात आणि तो साथीदाराला काचा फोडायला सांगतो. गोळ्या काचेवर बसतात आणि आपण खुर्चीत पाय वर घेतो! त्यातच तिजोरीचं शेवटचं कुलूप वीज गेल्याशिवाय उघडणार नसतं. ओलीस प्रकरणात इमारतीची वीज तोडायची ही एफबीआयची ठरलेली रीत, आणि खलनायक तिचीच वाट बघत असतो. सुटका करणाऱ्यांच्याच हातून दरोडा पुरा होतो. इतकं डोकं असलेला माणूस समोर असला की भीतीही खरी वाटते.

मी पोरांना म्हटलं, टाकून दिलेलं सगळं फुटेज दाखवा. त्यात एक सलग शॉट सापडला. पतसंस्थेतला शिपाई चहाचे कप घेऊन फिरतोय. काउंटर, मॅनेजरची केबिन, जिना, वरची लॉकरची खोली, शेवटी मागचं दार. तिथली कडी गंजलेली. शिपाई ती आधी वर उचलतो, मग ओढतो.

"दादा, त्यात काय घडतच नाही, म्हणून उडवलं," दिग्दर्शक म्हणाला.

तोच शॉट मी पहिला लावला. अख्खी इमारत प्रेक्षकाच्या ओळखीची झाली, आणि कॅशियर बाई वरच्या खोलीत आहे हेही कळलं. मग मुख्य दरोडेखोराचे टेक बघितले. पोरांनी ओरडण्याचा निवडला होता. दुसऱ्या एका टेकमध्ये तो नोटा मोजता मोजता बाईला विचारतो, "पोरीची शाळा कितीला सुटते?" आवाज अजिबात चढलेला नाही. तो घेतला. सुरुवातीचा गोळीबार काढला. एकच गोळी ठेवली, तीही बरीच उशिरा. तोवर बंदूक टेबलावर पडलेली दिसत राहते आणि आपली नजर तिच्यावरून हटत नाही.

भांडण झालं ते शेवटावरून. बाई जिन्यानं हळूच उतरून मागच्या दारापाशी येते. तिथं ढोल-ताशांचं जोरदार पार्श्वसंगीत हवंच म्हणून पोरगा अडून बसला. मी म्हटलं, एकदा नुसता पंख्याचा आवाज ठेवून बघ, मग ठरव. संध्याकाळी आत्यांना परत बसवलं. बाई कडी ओढते, निघत नाही. पुन्हा ओढते. केबिनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. आत्या पदर मुठीत धरून ओरडल्या, "आगं वर उचल की आधी, मग वढ!"

संगीताचा ट्रॅक पोरानं स्वतःच काढून टाकला. पंख्याचा आवाज मात्र कॅमेऱ्याच्या माइकवर अगदी फिका आला होता. तो नीट रेकॉर्ड करायला पुन्हा आत जाऊ द्याल का, हे विचारायला तिथूनच त्यानं पतसंस्थेच्या मॅनेजरना फोन लावला.