मागच्या अंगणातली टाकी

आपल्याकडे अंडरग्राउंड टँक म्हटलं की पाण्याची टाकी, त्यामुळे आमच्या न्यूजर्सीच्या घरामागे जमिनीत टाकी सापडली असं आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं की, झाडांना पाणी होईल. अगं पाण्याची नाही, तेलाची! हीटिंग ऑइल, म्हणजे डिझेलचंच भावंड. इकडे जुन्या घरांना थंडीत गरम ठेवायला हे तेल जाळायचे, आणि त्यासाठी साधी पत्र्याची टाकी अंगणात पुरून ठेवायचे. आमची ५५० गॅलनची निघाली, म्हणजे साधारण २,०८० लिटर. पुढे कधीतरी गॅस आला, टाकी तशीच राहिली, आणि घर विकत विकत आमच्यापर्यंत आलं.

खूण होती खरं तर. भिंतीला लागून हायड्रेंजियाच्या मागे एक लोखंडी पाइप वर आलेला, आणि बेसमेंटमध्ये कापून चेपलेल्या दोन तांब्याच्या नळ्या. आम्ही रोज बघायचो. घर घेताना एजंट म्हणाला टँक स्वीपची, म्हणजे जमिनीत पुरलेली टाकी आहे का ते तपासून घ्यायची, गरज नाही, मार्केट गरम होतं, आम्ही पण मान डोलावली. काही शे डॉलर वाचवले, शहाणे आम्ही.

मग मी नियम वाचायला बसले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने जमिनीखालच्या इंधन टाक्यांसाठी कायदा केला कारण पंपांच्या टाक्या गंजून पेट्रोल विहिरींत उतरत होतं आणि इथले निम्मे लोक भूजलच पितात. १९८८ ला नियम आले, आणि गंजरोधक नसलेल्या जुन्या टाक्या सुधारायला, बदलायला नाहीतर बंद करायला २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत. म्हणजे कोपऱ्यावरच्या पंपवाल्याला गळती तपासणं, गळती झालीच तर सफाईचे पैसे आहेत हे दाखवणं, सगळं बंधनकारक. आणि माझी टाकी? जिथे साठवलं तिथेच जाळायच्या हीटिंग ऑइलला त्या फेडरल नियमातून सरळ सूट! राज्याच्या भाषेतही ती 'अनरेग्युलेटेड'. वाचून मला हायसं वाटलं, अर्धा तास.

कारण सूट टाकी बाळगण्याला आहे, गळतीला नाही. गळली की राज्याचा १९७६ चा स्पिल कायदा, म्हणजे गळती-सांडणीचा कायदा, लागू, आणि त्यात चूक कोणाची हा प्रश्नच नाही. ज्याने तेल भरलं तो कुठे आहे देव जाणे, घर आमच्या नावावर.

टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट काढलं, खोदणारे आले, टाकीचं डोकं कापून आतला काळा गाळ उपसला, मग ती पट्ट्याने वर उचलली. वास थेट रॉकेलचा, रेशनच्या रांगेतला. एकाने बुडावरची माती फडक्याने पुसली आणि टॉर्च आत धरला, तर बाहेरून तांदळाएवढे चार-पाच उजेडाचे ठिपके. इन्स्पेक्टरने काही न बोलता लिहून घेतलं, राज्याच्या पर्यावरण खात्याच्या हॉटलाइनला फोन गेला, आमच्या घराला केस नंबर मिळाला.

आता खरी गंमत. इन्शुरन्सवाला म्हणाला, तुमच्या स्वतःच्या जमिनीतली माती पॉलिसीत बसत नाही. पण न्यूजर्सीत जमिनीखालचं पाणी मालकाचं नाही, जनतेचं. त्यामुळे तेल पाण्यापर्यंत गेलं असेल, आणि पॉलिसीत ऑइल वगळणारं वेगळं कलम नसेल, तर क्लेम होऊ शकतो. मी दोनदा विचारलं, म्हणजे नुकसान जास्त झालं तर पैसे मिळतील? हो म्हणाला, अगदी शांतपणे.

खड्डा आणखी खोल नेला, पाणी लागलं नाही, मातीचे नमुने लॅबला गेले. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारून गेल्या, काय म्हणाली लॅब? त्यांच्याकडेही तसाच एक पाइप वर आलाय. त्यावर त्यांनी कुंडी ठेवलीय.

रिपोर्ट शुक्रवारी येणार आहे. नवरा म्हणतो पाणी स्वच्छ असू दे. मी पण तेच म्हणते, मोठ्याने.